म्हातारा राहतो कुठे?



पावसाळ्याच्या चार महिन्यांत आपल्याकडे नक्षत्रांची नावे जितकी घेतली जातात, तितकी राहिलेल्या आठ महिन्यांत मिळून घेतली जात नसतील. मृग वेळेवर निघाला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पुनर्वसूचा तरणा पाऊस बरा लागला, आता पुष्याचा म्हातारा काय करतो ते पाहायचे, अशी बोलणी पारावर, बांधावर, एस. टी.च्या गाडीत सगळीकडे चाललेली असतात. मीही ती लहानपणापासून ऐकत आलो. पण यांतले एखादे नक्षत्र आकाशात बोट करून दाखवा, असे कोणी म्हटले म्हणजे आपली गडबड होते. माझी झाली, ती हकीकत आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सातबाराच्या एका कामासाठी मी गावी गेलो होतो. आमचे गाव गोदाकाठी, पैठणच्या बाजूला. बाहेर संततधार लागलेली. ओट्यावर मी आणि आमचे चुलते बसलो होतो. त्यांना सगळे गाव आबा म्हणते. सत्तरी ओलांडलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरलेला, पण बोलणे धारदार. ते म्हणाले, "मास्तर, तू कॉलेजात आकाशाचं गणित शिकवतोस म्हणं. हा आता म्हातारा पडतोय. तो राहतो कुठं, तेवढं दाखव की एकदा."

मी गणिताचा एम. ए. तारा क्षितिजावर किती वाजता येईल हे कागदावर काढून दाखवणे हा माझा रोजचा धंदा. पुष्याचे अंश-कला मला पाठ आहेत. पण पुष्य या डोळ्यांनी मी कधी पाहिलेला नव्हता! ती कबुली आबांपुढे देणे जड गेले, म्हणून म्हणालो, "ढग हटले की दाखवतो, आबा."

हेही उत्तर चुकीचेच होते, बरे का. ढग हटून काही उपयोग नव्हता. पुष्याचा पाऊस म्हणजे काय? सूर्य पुष्य नक्षत्रात असताना पडणारा पाऊस. १९ किंवा २० जुलैला सूर्य पुष्यात शिरतो आणि २ किंवा ३ ऑगस्टला आश्लेषात जातो. म्हणजे त्या पंधरवड्यात सूर्य नेमका पुष्याच्या ताऱ्यांसमोर उभा असतो. ते तारे सूर्याबरोबर उगवतात आणि त्याच्याबरोबरच मावळतात. भर दुपारी ते आपल्या डोक्यावर असतात, पण उजेडात दिसणार कसे? ज्या दिवसांत पुष्याचे नाव घरोघरी असते, त्याच दिवसांत पुष्य वर्षातून सर्वांत दडलेला असतो. सगळ्या पावसाळी नक्षत्रांची हीच गत आहे. शेतकऱ्याने त्यांची नावे सांभाळली, पण ज्या दिवसांत ती नावे तोंडी असतात त्या दिवसांत तारे मात्र त्याला भेटत नाहीत.

मग ते भेटतात केव्हा? सूर्य आकाशाच्या पलीकडच्या बाजूला गेला म्हणजे. पौषाच्या पौर्णिमेला चंद्र पुष्याच्या आसपास असतो, म्हणूनच त्या महिन्याचे नाव पौष. त्या सुमारास पुष्य सूर्यास्तानंतर पूर्वेला वर येऊ लागतो आणि रात्रभर दिसतो. पण मी तुम्हाला दिवस सुचवणार आहे तो महाशिवरात्रीचा. कारण तीन. एक तर त्या रात्री चंद्र जवळजवळ नसतोच. दुसरे, गाव जागे असते. आणि तिसरे म्हणजे रात्री दहा ते साडेअकराच्या दरम्यान पुष्य बरोबर आपल्या माथ्यावर आलेला असतो. माथ्यावर हा शब्द मी ढिलाईने वापरत नाही. पैठण-अंबडच्या पट्ट्यात तो जवळजवळ अगदी ओळंब्याखाली धरावा इतका नेमका डोक्यावरून जातो. नागपूरकडे थोडा दक्षिणेला दिसेल, कोल्हापूर-गोव्याकडे थोडा उत्तरेला. पण तीन-चार अंशांपेक्षा अधिक फरक महाराष्ट्रात कोठेच पडत नाही. मान दुखवून घेऊ नका, सरळ घोंगडी टाका आणि उताणे पडा.

खूण अशी. पुनर्वसूचे दोन तेजस्वी तारे जोडीने असतात, ते बहुतेकांना ठाऊक असतात. त्यांच्या पूर्वेला बरेच अंतर सोडून मघेचा ठळक तारा आहे. त्याच्या वरच्या अंगाला विळ्याच्या पात्यासारखी ताऱ्यांची वळलेली ओळ दिसते. पुनर्वसू आणि मघा यांच्या मधली जागा प्रथम अगदी ओसाड वाटते. ओसाड वाटते तीच कर्क रास. तिच्या ऐन मध्यावर, पुनर्वसूकडे किंचित झुकून पाहा. दोन मंद तारे दिसतील, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. त्या दोहोंच्या मध्ये, थोडासा पश्चिमेला, एक धुरकट ठिपका आहे. दिव्याच्या काचेवर फुंकर मारली म्हणजे क्षणभर वाफ धरते, तसा. आपले जुने ग्रंथ पुष्याचे तारे तीन मानतात, आणि हा ठिपका त्या तिघांच्या कुशीत आहे.

मी हे सगळे आता सराईतपणे सांगतो आहे, पण त्या वर्षी महाशिवरात्रीला गावी गेलो तेव्हा मला काहीच दिसेना. नकाशा हातात, चष्मा डोळ्यांवर, आणि वर काळोख. देवळातून भजनाचा आवाज येत होता. मी मळ्यात बाजेवर पडून डोळे फाडफाडून त्या एका जागेकडे पाहत होतो. शेजारी आबा. त्यांना मोतीबिंदूमुळे तारे दिसतच नव्हते. ते म्हणाले, "तू सरळ बघतोयस का?" म्हटले, हो. "मग कसं दिसंल? राखणीला माळ्यावर बसल्यावर डुक्कर आलं का नाही ते काय सरळ बघून कळतं व्हय? जरा बाजूला बघायचं. डोळ्याच्या कडंनं दिसतं."

मी नजर थोडी मघेकडे सरकवली, आणि कडेला तो ठिपका उमटला. सरळ पाहिले की नाहीसा, बाजूला पाहिले की हजर.

शिक्षक मित्रांनो, ही जादू नाही. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर ऐन मधोमध ज्या पेशी दाटीने असतात, त्या दिवसाच्या उजेडात रंग आणि बारकावे टिपण्याच्या कामाच्या. अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्यांच्या भोवताली, कडेच्या भागात अधिक असतात. अंधाराला सरावायलाही त्यांना वीस-पंचवीस मिनिटे लागतात. मध्येच कोणी बॅटरी पेटवली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माळ्यावर बसून ज्वारी राखणाऱ्या माणसाला हे अनुभवाने ठाऊक होते. मी ते पुस्तकात वाचलेही होते, पण ऐन वेळी आठवले नाही.

मी वर्णन करू लागलो : असा असा ठिपका आहे, तीन चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढी त्याची रुंदी... आबांनी मला थांबवले. "तो डाग व्हय? तो तर मी राखणीला असताना रोज बघायचो. पयल्यांदा ढग समजलो होतो. म्हटलं, आता आभाळ येतं आन् ज्वारी काळी पडती. दोन-तीन रात्री झोप लागली नाही. मग ध्यानात आलं की तो ढग तिथून हलतच नाही." थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "म्हंजे नाव ठावं होतं, डागही ठावा होता. दोन्ही एकच, ते ठावं नव्हतं."

आबांनी त्याला ढग समजले यात काही चूक नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिप्पार्कस नावाच्या ग्रीक ज्योतिर्विदाने ताऱ्यांची यादी केली. त्यानेही याला छोटासा ढगच म्हटले होते. ग्रीक लोकांत आणखी एक नाव चालत असे, ते तुम्हाला फार आवडेल. ते त्याला गव्हाण म्हणत! बाजूचे दोन मंद तारे म्हणजे त्या गव्हाणीवर बांधलेली दोन गाढवे. आणि मौज अशी की, त्या लोकांना हा ठिपका पावसाची खूण म्हणून उपयोगी पडत असे. अरॅटस नावाच्या कवीने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हे लिहून ठेवले आहे. आभाळ स्वच्छ दिसते आहे, दोन्ही गाढवे दिसत आहेत, पण मधली गव्हाण मात्र एकाएकी दिसेनाशी झाली, तर वादळ जवळ आले असे समजावे, असा त्याचा आशय. ही निव्वळ समजूत नव्हे. वादळाच्या पुढे पुष्कळ वेळा उंचावर अगदी विरळ ढगांचा पडदा येतो. तो इतका विरळ असतो की ठळक तारे त्यातून दिसत राहतात, पण असला अंधुक ठिपका तेवढ्यानेही पुसला जातो. म्हणजे ग्रीक शेतकऱ्याने पुष्याकडे पाहून पावसाचा अंदाज केला, तो पाहून केला. नुसत्या नावावर केला नाही.

चीनमध्ये मात्र या ठिपक्याची कल्पना निराळी. त्यांच्या चांद्र नक्षत्रांत या भागाला भूत असे नाव आहे आणि या धूसर ठिपक्याला ते साचलेल्या प्रेतांची वाफ म्हणत. एकच वस्तू, आणि पाहणाऱ्याच्या मनात काय येईल याचा नेम नाही.

आपल्याकडे हे नक्षत्र शुभ. त्याचे जुने नाव तिष्य, आणि त्याची देवता बृहस्पती. पुष्य हा शब्द पोसणे या अर्थाच्या 'पुष्' धातूवरून आला. तिकडे गव्हाण, इकडे पोषण. योगायोग असेल, मी त्यावर इमला रचणार नाही. पण एक गोष्ट बैलजोडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात स्तंभांवर आज्ञा कोरवून घेतल्या. त्यांतल्या पाचव्या आज्ञेत काही दिवस सांगून त्या दिवशी बैल खच्ची करू नयेत, घोड्यांना व बैलांना डाग देऊ नये, असे बजावले आहे. त्या दिवसांत तिष्याचा दिवस आहे आणि पुनर्वसूचाही आहे. चंद्र पुष्यात असेल तो दिवस जनावरांच्या सुटकेचा. आज गुरुपुष्याला आपण सराफाच्या दुकानात गर्दी करतो. दुकानातून परत येताना एकदा वर पाहावे, चंद्र पुष्याच्याच शेजारी असतो. चंद्राच्या उजेडात ठिपका दिसणार नाही, पण हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी जागा हेरून ठेवायला तो दिवस चांगला. दहा-बारा दिवसांनी चंद्र दूर गेला की संध्याकाळी तीच जागा पुन्हा पाहावी.

आता हा ठिपका आहे तरी काय? हजारो वर्षे त्याचा उलगडा झाला नव्हता. तो इटलीत गॅलिलिओने केला. नवीनच निघालेली दुर्बीण त्याने या ठिपक्याकडे वळवली, आणि तो ठिपका फुटला. ढग नव्हे, वाफ नव्हे, चाळीसहून अधिक बारीक बारीक तारे एका ठिकाणी गोळा झालेले! १६१० साली त्याने आपल्या छोट्या पुस्तकात हे प्रसिद्ध केले. स्वच्छ अंधारात नुसत्या डोळ्याला साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. यातले सर्वांत तेजस्वी तारेसुद्धा त्या मर्यादेच्या किंचित पलीकडचे आहेत. म्हणून एकेकटा कोणी दिसत नाही, पण सगळ्यांचा मिळून प्रकाश दिसतो. पुढे १७६९ मध्ये मेस्ये या फ्रेंच ज्योतिर्विदाने आपल्या यादीत त्याला ४४ वा क्रमांक दिला. ज्योतिषशास्त्राच्या पुस्तकांत तो त्याच क्रमांकाने ओळखला जातो.

चाळीस हा गॅलिलिओच्या दुर्बिणीचा हिशेब. आज या गुच्छात हजाराच्या आसपास तारे मोजले गेले आहेत. प्रत्येक तारा म्हणजे एक सूर्य. कोणी आपल्या सूर्याहून मोठा, पुष्कळसे लहान. अंतर सुमारे ६०० प्रकाशवर्षे. प्रकाश एका सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, तरी तिथून निघालेल्या किरणाला इथे यायला ६०० वर्षे लागतात. म्हणजे शिवरात्रीला तुमच्या डोळ्यात जो प्रकाश शिरेल तो निघाला, तेव्हा या मुलखावर बहमनी सुलतानांचा अंमल होता आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून दोनशे वर्षे अवकाश होता.

अशा समूहाला खुला तारकागुच्छ म्हणतात. वायू आणि धूळ यांच्या एका मोठ्या मेघातून हे तारे एकाच सुमाराला जन्मले. परस्परांच्या आकर्षणाने ते एकत्र आहेत, पण ती गाठ फार घट्ट नाही. आकाशगंगेभोवती फिरताना वाटेत कोणाची तरी ओढ लागते, एखादा तारा कडेने सुटतो, मग दुसरा. कृत्तिकांचा पुंजका तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. तोही असाच गुच्छ, पण पोरसवदा. त्याचे वय १० ते १२ कोटी वर्षे. पुष्याचा गुच्छ ६० ते ७० कोटी वर्षांचा. तो जन्मला तेव्हा पृथ्वीवर जमिनीवर गवताची काडीही उगवली नव्हती. रोहिणीच्या तांबूस ताऱ्याजवळ ताऱ्यांची इंग्रजी व्ही या अक्षरासारखी आकृती दिसते, तो गुच्छही जवळपास याच वयाचा आणि जवळपास याच दिशेने चाललेला. म्हणून दोघांची भावकी एक असावी असा तर्क आहे. रोहिणी स्वतः मात्र त्या गुच्छातली नव्हे, ती वाटेत, आपल्या बाजूला उभी आहे. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा. त्याचाही असा गुच्छ असला पाहिजे, असे शास्त्रज्ञ मानतात. आज त्याच्या भोवती त्यातले कोणी नाही.

ताऱ्याचे वय कळते कसे, असे शाळेत मुले हमखास विचारतील. त्यांना असे सांगा. एका संध्याकाळी हजार दिव्यांत तेल भरून ते एकदम लावले. कोणाची वात जाड, कोणाची बारीक. जाड वातीच्या दिव्यात तेल अधिक घातले तरी ते भडभडा जळते, आणि तो दिवा आधी विझू लागतो. मध्यरात्री तुम्ही आलात आणि कोणत्या जाडीपर्यंतचे दिवे विझले आहेत ते पाहिलेत, तर दिवे केव्हा लावले याचा अंदाज करता येईल. ताऱ्यांचे तसेच आहे. वजनदार तारा आपले इंधन लवकर संपवतो, फुगतो, नारिंगी होतो. पुष्याच्या गुच्छात असे मोजके नारिंगी तारे आहेत. आणि जे त्यांच्याही आधी विझले त्यांचे लहानसे पांढरे गाभे उरले आहेत. तेव्हा पुष्यात म्हातारे आहेत हे खरेच! बाकीच्यांच्या बरोबरीनेच जन्मलेले, पण अंगाने जड असल्यामुळे आधी म्हातारे झालेले. हे मी आबांना सांगितले तेव्हा ते खूप हसले, कारण गावातल्या एका वजनदार असामीची त्यांना आठवण झाली.

आणखी एक बातमी. २०१२ साली या गुच्छातल्या सूर्यासारख्या दोन ताऱ्यांभोवती ग्रह सापडले. आपल्या गुरूसारखे मोठे, पण ताऱ्याच्या इतके जवळ की एकाची प्रदक्षिणा साडेचार दिवसांच्या आत पुरी होते आणि दुसऱ्याची सव्वादोन दिवसांच्या आत. तिथे पंचांग करणाऱ्याची काय त्रेधा उडेल!

पंचांगावरून आठवले. मग हे ६०० प्रकाशवर्षांवरचे तारे आपल्याकडे पाऊस पाडतात का? नाही. कालमापन म्हणून आपली नक्षत्रे उत्तम आहेत. तेरा-चौदा दिवसांचा एक तुकडा, त्याला एक नाव, आणि त्या नावाबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. ज्याला लिहिता येत नव्हते त्यानेही या आधारावर पेरणीचे वेळापत्रक सांभाळले. पण वाहन बेडूक म्हणून पाऊस भरपूर आणि कोल्हा म्हणून कमी, हे मला पटत नाही. शिवाय आणखी एक अडचण आहे. भोवरा फिरताना जसा डुलतो तशी पृथ्वी आपल्या आसावर डुलते, एका डुलण्याला सुमारे २६,००० वर्षे. त्यामुळे सूर्य एखाद्या ताऱ्यापाशी येण्याचा दिवस ऋतूंच्या मानाने हळूहळू पुढे सरकतो, साधारण ७० वर्षांत एक दिवस. हजार वर्षांपूर्वी सूर्य पुष्यात येई तो आजच्यापेक्षा चौदाएक दिवस आधी. आज पुष्यात पडणाऱ्या पावसाला तेव्हाचे लोक आश्लेषाचा पाऊस म्हणाले असते. पाऊस त्याच ऋतूत पडतो आहे, वरची पाटी तेवढी सरकली. आबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे भाडेकरू तोच, घर बदललं."

शिक्षकांसाठी एक-दोन सूचना करतो. मुलांना आधी चित्र दाखवू नका. जागा दाखवा, अर्धा तास अंधारात बसवा, आणि जे दिसेल ते कागदावर काढायला सांगा. पाखरे हाकायची किंवा लग्नाच्या मिरवणुकीत मिरवायची साधी दोन नळ्यांची दुर्बीण गावात कोणाकडे तरी असतेच. ती लावली की ठिपका फुटून बारीक तारे दिसतात. गॅलिलिओला झाला तोच आनंद फुकटात. गुढीपाडव्याच्या आसपास तर अंधार पडताच पुष्य उंचावर असतो, लहान मुलांनाही जागावे लागत नाही. मात्र शाळेच्या आवारातला दिवा तेवढा वेळ बंद करा. मी राहतो त्या शहरात हा ठिपका दिसत नाही. रस्त्यावरच्या दिव्यांनी आभाळ इतके उजळले आहे की पुनर्वसू आणि मघा यांच्या मधली जागा खरोखरच ओसाड झाली आहे. तुमच्याकडे ती अजून ओसाड नाही.

निदान मला तसे वाटत होते. पुढच्या वर्षी आबांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि शिवरात्रीला मी मुद्दाम गावी गेलो. तर देवळासमोर उंच खांबावर नवा दिवा लागलेला, पांढराफेक, आमच्या ओट्यापर्यंत सावल्या पाडणारा. ओट्यावरून काही दिसेना. आबा म्हणाले, चल मळ्यात. घोंगडी खांद्यावर टाकून आम्ही अर्धा कोस चालत गेलो. बांधापलीकडे हरभरा वाळून उभा होता. आबा उताणे पडले, पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मी विचारणार इतक्यात त्यांनी मान किंचित एका बाजूला वळवली.

"हाये की," ते म्हणाले. "पण मास्तर, तो ढग न्हाई ना, तेवढं खात्रीनं सांग. उद्या हरभरा काढायचाय."